नव्या पालकांचे जुने प्रश्न: आमच्या शाळेतली कला, खेळ आणि एकत्र राहणं

दर जूनला पहिला पाऊस आणि नव्या पालकांचे फोन बरोबरच सुरू होतात. माझी थोरली याच शाळेतून दहावी झाली, धाकटा सातवीत आहे आणि मधली बरीच वर्षं मी पालक-शिक्षक संघात काढली. तेच तेच प्रश्न सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. शाळा पुण्यातली, मराठी माध्यमाची, सरकारी अनुदान न घेणारी. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, तुकडीत चाळीस मुलं. खालची उत्तरं माझी आहेत, संस्थेची नाहीत. संस्थेला विचारलंत तर हीच उत्तरं जास्त सभ्य भाषेत मिळतील.

अनुदान नाही म्हणजे शाळा स्वतंत्र. मग सरकारी नियम लागू नाहीत का?

आहेत, आणि भरपूर आहेत. मान्यता शासनाची, दहावी राज्य मंडळाची, शिक्षण हक्क कायद्याखाली वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा आहेत, फीचा वेगळा कायदा आहे. स्वातंत्र्य आहे ते वेळापत्रकात आणि माणसं निवडण्यात. चित्रकलेला पूर्णवेळ शिक्षक ठेवायचा, की गणिताच्याच बाईंना "जरा बघा" म्हणायचं, हे संस्था ठरवते. पूर्णवेळ ठेवला तर त्याचा पगार आपल्या फीतून जातो. "एवढी फी कशाची?" असं मनात आलं की जिन्याखालच्या त्या रंगानं माखलेल्या खोलीत एकदा डोकावून या.

या सगळ्यात अभ्यास मागे पडत नाही का?

पडतो थोडा. खोटं कशाला सांगू? डिसेंबरमध्ये गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या की विज्ञानाचे एकदोन धडे हमखास रेंगाळतात आणि जानेवारीत पळापळ होते. एरवी सातवीला आठवड्यात चार तास खेळ, दोन चित्र-हस्तकला, दोन संगीत किंवा नाट्य आणि एक तास शेती नाहीतर स्वयंपाक असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला, खेळ आणि हातकाम यांना 'अभ्यासेतर' म्हणून बाजूला ठेवू नका, असं स्पष्ट म्हटलंय. त्याच्याही कितीतरी आधी, १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हातांनी करण्यातूनच शिक्षण व्हावं, हा विचार मांडला होता. म्हणजे आमची शाळा काही जगावेगळं करतेय अशातला भाग नाही. पोळ्या लाटताना अपूर्णांक शिकवतात, हे मात्र मी स्वतः पाहिलंय. चतकोर पोळी वाट्याला आलेल्या मुलाला पाव म्हणजे किती, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

गॅदरिंगमध्ये सगळ्यांना घेतात की फक्त 'चांगल्या' मुलांना?

सगळ्यांना. या एका उत्तरासाठी मी ही शाळा निवडली, म्हणून जरा लांबड लावते.

थोरली आधी दुसऱ्या एका शाळेत होती. तिथे साठ मुलांच्या वर्गातून बारा जण नाचाला निवडायचे, दरवर्षी साधारण तेच बारा. उरलेल्यांना टाळ्या वाजवायला ओळीनं बसवायचे. दुसरीत असताना ती घरी आली आणि म्हणाली, "आई, मी प्रेक्षकांत सिलेक्ट झाले." हे ती आनंदानं सांगत होती. त्या रात्री मला काही झोप लागली नाही.

इथे प्रत्येक वर्ग एक नाटक बसवतो आणि वर्गातली चाळीसच्या चाळीस मुलं त्यात असतात. पाचवीपर्यंत सगळी रंगमंचावर. सहावीपासून कामं वाटली जातात: कुणी नेपथ्य, कुणी प्रकाश, कुणी संगीत, रंगभूषा, प्रॉम्प्टिंग, पडदा. लागोपाठ दोन वर्षं कुणी फक्त विंगेत राहायचं नाही, असा नियम आहे. वर्गताईच्या, म्हणजे वर्गशिक्षिकेच्या (इथे शिक्षकांना ताई-दादा म्हणतात), वहीत त्याचा नावांसकट हिशेब असतो आणि ताई विसरली तरी मुलं विसरत नाहीत.

आता यातली खोट. चाळीस जणांना काम द्यायचं म्हणजे एकेका वाक्याचे गावकरी, सहा झाडं, दोन ढग आणि एक विहीर. धाकट्यानं तिसरीत विहिरीच्या कठड्याचं काम केलं होतं. पंचवीस मिनिटं उकिडवं बसायचं आणि नायिकेनं घागर सोडली की 'डुबुक' म्हणायचं, एवढंच. तालमीत त्याचं डुबुक एकदाही वेळेवर आलं नाही. प्रयोगाच्या दिवशी घागर सुटली, सगळीकडे शांतता, आणि हा पहिल्या रांगेत आजी दिसते का ते बघण्यात गुंग. शेजारचा कठडा, म्हणजे त्याचा जिवलग मित्र, माइकवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "डुबुक कर ना रे!" अख्खं सभागृह हसत सुटलं. अजून वर्गात त्याला डुबुक म्हणतात आणि तो ओ देतो.

नाटक म्हणाल तर बेतासबात होतं. अशी नाटकं बेतासबातच होतात, हे आधीच सांगून ठेवते. एलईडीची भिंत आणि भाड्यानं आणलेला नृत्यदिग्दर्शक हवा असेल तर तशा शाळा शहरात पुष्कळ आहेत.

कार्यक्रम फार लांबतो असं ऐकलंय.

खरं आहे. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावाच लागतो. एका वर्षी पावणेदहा वाजले तरी पाचवीचं नाटक व्हायचं होतं. शेवटी ते त्या रात्री झालंच नाही. रंग लावून, मिशा चिकटवून तयार बसलेली चाळीस मुलं तशीच घरी गेली. त्यांचा प्रयोग सोमवारी मैदानावर, सकाळच्या उन्हात झाला. तेव्हापासून दोन दिवसांचं गॅदरिंग करतात आणि पाहुण्यांच्या भाषणाला दहा मिनिटं देतात. पाहुणे वीस घेतात.

पोशाखाचा खर्च किती येतो?

शून्य यायला हवा. शाळेत दोन मोठ्या ट्रंका आहेत: जुन्या साड्या, ओढण्या, कुणाच्या तरी आजोबांची धोतरं, फेटे, पुठ्ठ्याचे बेगड लावलेले मुकुट. त्यातूनच भागवायचं. बाहेरून भाड्यानं कपडे आणायचे नाहीत.

हा नियम आम्ही ठेच लागल्यावर केला. एका वर्गाच्या पालकांनी उत्साहात प्रत्येकी सहाशे रुपये काढून एकसारखे झगे शिवून घ्यायचं ठरवलं. गॅदरिंगच्या दिवशी दोन मुलं 'तापामुळे' आली नाहीत. ताप सहाशे रुपयांचा होता, हे आमच्या लक्षात यायला आठवडा लागला. त्या ठरावाला हो म्हणणाऱ्यांत मीही होते.

नाटकाची संहिता कुठून आणता? लेखकाची परवानगी लागते का?

निम्मी नाटकं मुलं आणि ताई मिळून लिहितात. छापील संहिता घेतली आणि प्रयोग शाळेच्या उपक्रमाचाच भाग असला, करणारी माणसं विद्यार्थी-शिक्षक आणि बघणारी माणसं पालक व शाळेशी थेट संबंधित असली, तर कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं, बाहेर प्रयोग केला किंवा स्पर्धेत उतरवलं, तर लेखकाची परवानगी घ्यायची. सूट असली तरी लेखकाचं नाव निवेदनात घ्यायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. एकदा लेखिकेला रीतसर पत्र पाठवलं होतं. त्या स्वतः येऊन मागच्या रांगेत बसल्या आणि कुणाला पत्ताच नाही.

एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसवता का?

ज्यांना बसायचंय त्यांना. या शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेतं. आमच्याकडे मुलं सातवी-आठवीत एलिमेंटरी देतात आणि मग इंटरमीजिएट. इंटरमीजिएटच्या श्रेणीवर राज्य मंडळाच्या दहावीला जादा गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. हे सात गुण कळले की ज्या घरात आजवर खडूची पेटी आली नाही तिथेही चित्रकलेची आवड उफाळून येते.

आमचे चित्रकलेचे दादा या परीक्षांच्या विरुद्ध नाहीत, पण त्यांचा तास त्यासाठी नसतो. परीक्षेचा सराव शनिवारी वेगळा. तासाला मुलं मैदानावरचा वड काढतात, चिकणमाती मळतात, एकमेकांची तोंडं काढतात. स्मरणचित्रात 'बाजारातील दृश्य' आलं की क्लासला जाणारी मुलं पाठ केलेली भाजीवाली काढतात, तीच टोपली, तोच डावीकडे वाकलेला हात. दादा मुलांना सरळ मंडईत नेतात. वर्षातून एकदा, सकाळी सातला. तिथे बसून चित्र काढायचं आणि येताना अर्धा किलो काहीतरी विकत आणायचं.

मुलगी बाहेर कथक (किंवा तबला, पेटी) शिकते. शाळेत त्याचा उपयोग होईल का?

होईल. तबला येणाऱ्याला परिपाठात साथ करावी लागते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका वगैरे परीक्षांची तयारी मात्र शाळा करून घेत नाही. ती तुमच्या गुरुजींकडेच.

शाळेत कोणते खेळ आहेत? क्रिकेट का नाही?

खो-खो, कबड्डी, मल्लखांब, लेझीम, लंगडी, थोडं अ‍ॅथलेटिक्स. मधल्या सुट्टीत प्लास्टिकच्या चेंडूनं क्रिकेट चालतं, त्याला कुणी आडकाठी करत नाही. तासाला मात्र नाही.

कारण साधं आहे. चाळीस मुलांच्या तासात क्रिकेट लावलं तर एक टाकतो, एक मारतो, बाकीचे उन्हात उभे आणि वीस जण आपली बारी यायची वाट बघत भिंतीला टेकलेले. शेवटी बारी येते तेव्हा घंटा होते, आणि दर वेळी नेमकी त्याच मुलांची बारी बुडते. खो-खोत आठ जण पाटीवर एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले, नववा पाठलाग करणारा, समोर तिघांची तुकडी पळणारी. बसलेल्यालाही डोळा मिटायची सोय नाही, पाठीवर खो कधी पडेल सांगता येत नाही. साहित्य काय? दोन खांब आणि चुन्याची फक्की.

आणि हा आपल्या गावचा खेळ आहे. खो-खोचे पहिले नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांत आणि महिलांत, दोन्हीकडे भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या सोमवारी परिपाठात बातमी वाचणाऱ्या चौथीतल्या मुलीला 'कर्णधार' म्हणताना आवंढा आला होता. दुसऱ्या दिवसापासून लाल मातीत खांबाजवळ सूर मारायची अशी काही लाट आली की सर्दीसारखी पसरली. गुडघे सगळ्यांचेच फुटलेले. डेटॉलची बाटली आठवड्यात संपली.

मल्लखांबाची गोष्ट निराळी. पेशवाईच्या शेवटच्या काळात, दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुढे आणली. आमच्याकडे एक पुरलेला मल्लखांब आहे आणि दोराचेही दोन आहेत. पहिले दोन महिने मूल फक्त खांबाला मिठी मारून घसरतं. अंगाला एरंडेलाचा वास, मांड्यांवर लाल वळ. मग एके दिवशी सलामी जमते, मग साधी अढी, म्हणजे पायांची पकड, आणि त्यानंतर ते घरी पलंगाचा खांब, दाराची चौकट, बाप, जे मिळेल त्यावर चढतं. एरंडेलाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. जुनीच चड्डी द्या.

मैदान फारच लहान आहे हो.

आहे. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर असतं. तेवढं निघतं, त्याहून फार जास्त नाही. धावण्याच्या सरावाला महिन्यातून दोनदा जवळच्या टेकडीवर नेतात. फुटबॉलचं वेड असलेलं मूल असेल तर सरळ सांगते, त्याची इथे उपासमार होईल.

शाळा बाहेरच्या स्पर्धांत उतरते का? दहावीला सवलतीचे गुण मिळतात का?

शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धांत उतरते. त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि तिथून राष्ट्रीय, अशी चढण आहे. राज्यात क्रीडा खात्याचे आठ विभाग आहेत. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे, आणि वय ३१ डिसेंबरला मोजतात. त्यामुळे जन्मदाखला आणि आधारवरची तारीख जुळते का, ते आत्ताच, जूनमध्येच बघून ठेवा. तारीख जुळत नाही म्हणून आमची एक कबड्डीची चढाईपटू नोंदणीच्या टेबलावरून परत आली. तिच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो.

ठरलेल्या पातळीपर्यंत मजल मारली तर दहावीला सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. प्रस्ताव शाळेमार्फतच जातो आणि प्रमाणपत्राची मूळ प्रत लागते. लॅमिनेट करू नका, मागच्या बाजूचे सही-शिक्के दिसावे लागतात.

संघ निवडताना मात्र शाळा 'सगळ्यांना' म्हणत नाही. तिथे निवड होते आणि ज्याचं नाव नाही तो रडतो. हे विसंगत वाटेल. मलाही वाटायचं. धाकट्याचं नाव खो-खोच्या संघात नव्हतं तेव्हा मी तावातावानं क्रीडाताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "तास सगळ्यांचा आहे, संघ जिंकायला आहे. दोन्ही एकाच मापानं मोजलं तर दोन्ही बिघडेल." मला पटलं असं नाही, पण बोलायला काही उरलं नाही. नंतर तो संघाचा गुणलेखक झाला. पळणाऱ्याची मिनिटं-सेकंद तो इतकी चोख लिहितो की दुसऱ्या शाळांचे सर त्याच्या वहीत बघायला येतात.

माझ्या मुलाला खेळ जमतच नाही. त्याला त्रास होईल का?

चिडवाचिडवी होते. कुठल्याही शाळेत होते. इथे दोन गोष्टी जमेच्या आहेत. एक म्हणजे संघ पाडताना दोन म्होरके एकेकाला निवडतात, ती पद्धत बंद आहे. शेवटी उरलेल्या मुलाच्या पोटात काय होतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. चिठ्ठ्या टाकून गट पडतात. दुसरी म्हणजे क्रीडादिनाच्या शर्यतींत प्रत्येकाची वेळ त्याच्याच मागच्या वेळेशी ताडून बघतात. १५ जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जन्मदिवशी, राज्य क्रीडा दिन असतो, त्याला जोडून या शर्यती घेतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या त्यांच्या कुस्तीच्या कांस्यपदकाची गोष्ट दरवर्षी कुणीतरी सांगतं, आणि दरवर्षी कुणीतरी हेलसिंकी कुठे आलं ते विचारतं.

मुलींना खेळात सवलत मिळते का? पाळीच्या दिवसांत?

खेळायचं की नाही, ते मुलगी ठरवते. कारण विचारत नाहीत. पॅड क्रीडाताईंच्या कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप नाही. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी आहे. आठवीपासून घरचेच "आता पुरे झालं मैदान" म्हणायला लागतात, ही आमची खरी अडचण. त्यावर शाळेकडे इलाज नाही, घरी जाऊन बोलण्यापलीकडे. क्रीडाताई जातात.

दहावीच्या वर्षी खेळ बंद करावा का?

थोरलीनं बंद केला नाही. दिवाळीपर्यंत रोज मल्लखांब, नंतर आठवड्यातून तीनदा. मार्क चांगले पडले. शेजारच्या मुलानं सगळं बंद केलं, त्यालाही चांगलेच पडले. यातून काय काढायचं ते काढा.

शिक्षकांना ताई-दादा म्हणायचं? शिस्त कशी राहते?

राहते. "ताई, तुम्ही चुकलात" असं मुलं म्हणू शकतात आणि ताई "बरं, दाखव" म्हणतात. पहिल्या महिन्यात घरच्या आजीला हे ऐकून चक्कर येते.

सकाळच्या परिपाठात काय असतं?

राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, बातम्या, दिनविशेष आणि एक गाणं. सगळं मुलं चालवतात, दर आठवड्याला एक वर्ग. शेवटी दोन मिनिटं 'कुणाला काही सांगायचंय?' असतं. मांजरीला पिल्लं झाली, बाबांची नोकरी गेली, दात पडला, काहीही. एकदा सहावीतल्या मुलानं आजोबा गेल्याचं सांगितलं आणि पुढचं वाक्य त्याला सुचेना. तीनशे-चारशे मुलं गप्प उभी होती. पेटीवरच्या ताईंनी हळूच सूर धरला आणि गाणं सुरू झालं. त्या दिवशी मी माझ्या कामासाठी ऑफिसबाहेर थांबले होते. काम काय होतं ते आता आठवत नाही.

डबा एकत्र खातात का? आमच्याकडे काही गोष्टी चालत नाहीत.

गोलात बसून, वाटून खातात. ज्याला जे चालत नाही ते त्यानं घेऊ नये आणि दुसऱ्याच्या डब्याला नाक मुरडू नये, एवढाच नियम. डब्यात वेफर, नूडल्स नको. मंगळवारी उसळ, असा आग्रह आहे. डबा विसरला तर मुख्याध्यापकांना फोन करू नका, प्रत्येकाचा एकेक घास गोळा होऊन त्याचं जेवण इतरांपेक्षा चांगलं होतं. माझी दोन्ही मुलं मुद्दाम डबा विसरायची.

सण कोणते साजरे होतात?

आषाढीला दिंडी निघते, चौकापर्यंत आणि परत. नवरात्रात भोंडला होतो आणि त्यात मुलगेही फेर धरतात. खिरापत ओळखायच्या वेळी आवाज त्यांचाच मोठा असतो. मागच्या वर्षी कुणालाच ओळखता आली नाही. सातवीच्या पालकांनी भोपळ्याचे घारगे आणले होते आणि डबा उघडेपर्यंत सगळे शंकरपाळ्यांवर अडून बसले होते. दिवाळीच्या सुट्टीआधी मैदानाच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला होतो. अळीव पेरायचे, उगवले की हिरवळ, आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी त्यावर पडतंच. ईदला शीरखुर्मा येतो, नाताळला केक, तोही कुणाच्या तरी घरून. पूजा-आरती शाळेत होत नाही. दरवर्षी एकदोन पालक यावर नाराज असतात, आणि कधी उलट बाजूचे दोघे दिंडीवर नाराज असतात.

शाळेचं ढोल-ताशा पथक आहे का?

नाही. पुण्यात या पथकांचं नातं शाळांशी जुनं आहे. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, गरवारे ही नावं मिरवणुकीच्या गर्दीत आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. आमच्याकडे जागाही नाही आणि शेजारच्या सोसायट्यांची सहनशक्तीही नाही. लेझीम आहे. माजी विद्यार्थी बाहेरच्या पथकांत वाजवतात आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी हाताला पट्ट्या बांधून शाळेत भेटायला येतात.

सहली, शिबिरं किती? खर्च?

एक सहल, एक मुक्कामी शिबिर, दोन-तीन क्षेत्रभेटी. सहल एसटीनंच जाते, शालेय सहलींना एसटीच्या भाड्यात पन्नास टक्के सवलत आहे. शिबिरात मोबाइल नाही, पालकांचा रोजचा फोन नाही. मुलं बरी असतात. आपणच रात्री दोनला उठून बसतो.

पालकांनी काय करायचं असतं?

फी नियमनाच्या २०११ च्या कायद्यानं प्रत्येक पालक आपोआप पालक-शिक्षक संघाचा सभासद असतो. कार्यकारी समिती इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडतात, त्यात निम्म्या जागा बायकांच्या. फीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो. म्हणून नुसतं ग्रुपवर कुरकुरण्यापेक्षा चिठ्ठीत नाव टाका.

बाकी श्रमदान आहे: मैदानाला पाणी मारणं, वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हर, गॅदरिंगला सेफ्टी पिना. पिनांचं काम मी नऊ वर्षं केलं. विंगेत गुडघ्यावर बसून धोतर खोचता खोचता मुलं जे बोलतात ते ऐकायला मिळतं, ही त्यातली खरी मिळकत. देणगीची सक्ती नाही. देणाऱ्याचं नाव भिंतीवर लागत नाही, म्हणून काही जण देत नाहीत.

२५ टक्क्यांतून आलेली मुलं मिसळतात का?

मुलं मिसळतात. पहिलीतल्या मुलाला टक्का कळत नाही. अडखळतो ते आपण: वाढदिवसाला कुणाला बोलवायचं, शिबिराचे पैसे कुणाला परवडतील, सभेत कोण कुणाशेजारी बसतं. वाढदिवसाला वर्गात गोळ्या-चॉकलेटं वाटायची नाहीत, वाचनालयाला एखादं पुस्तक दिलं तर चालतं आणि नाही दिलं तरी चालतं, हा नियम त्यातूनच आला. चौथीनंतर वस्त्यांवरची मुलं आणि बंगल्यांतली मुलं सुट्टीत एकमेकांच्या घरी जातात का, हे मी बघत असते. काही जातात. जितकी जावीत तितकी नाही जात.

कार्यक्रमांचे फोटो, व्हिडिओ मिळतील का?

प्रयोग चालू असताना मोबाइल वर धरायचा नाही. मागे बसलेल्या आजोबांना आपल्या नातवाऐवजी तुमचा हात दिसतो. शाळा फोटो काढते आणि आठवड्यानं देते. दुसऱ्यांची मुलं असलेले फोटो स्टेटसला लावू नका.

शाळा बघायला यायचंय. काय बघू?

मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या ढाली बघू नका, त्या सगळ्या शाळांत असतात. शनिवारी या. खेळाच्या तासाला भिंतीला टेकून किती जण उभे आहेत, ते मोजा. मग गॅदरिंगच्या तालमीत शेवटच्या रांगेत जाऊन एखाद्या झाडाला विचारा, नाटक कशाबद्दल आहे. त्याला गोष्ट सांगता आली पाहिजे. आमच्याकडची सगळीच झाडं सांगू शकतील असं वचन मी देत नाही.

हरवलेल्या वस्तू कुठे मिळतात?

ऑफिसबाहेरच्या लाकडी पेटीत. बाटल्यांची झाकणं वेगळ्या डब्यात आहेत. एकेकटे मोजे दोरीवर वाळत घातलेले असतात. मार्चअखेर उरलेलं सगळं धुऊन ट्रंकेत जातं आणि पुढच्या गॅदरिंगला कुणाच्या तरी अंगावर दिसतं. तेव्हा "तो आमचा स्वेटर!" म्हणून रंगमंचाकडे धावू नका. प्रयोग संपेपर्यंत तो मेंढपाळाचा असतो.